वाटीवरचं नाव

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वैजयंतीस,
अप्पाचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तुम्ही दोघं खुशाल असाल. उजनीच्या काठाला सोलापूरपेक्षा गारठा जास्त असेल, जपून राहा. सहा वर्षांनी पत्र लिहितोय. सुरुवात कशी करावी यात तीन कागद फाडले, हा चौथा.

आपल्या कॉलनीत जुन्या वस्तूंची विक्री ठेवली आहे. त्यातून डायलिसिसच्या रुग्णांना ने-आण करायला गाडी ठेवायची. अव्वाला आठवड्यातून तीनदा रिक्षातून नेताना तिचे काय हाल व्हायचे ते मी पाहिले आहेत, म्हणून वस्तू घेण्याचं टेबल मी मागून घेतलं. लोकांनी भांडं नसलेले चार मिक्सर दिले, एका पायाची चप्पल दिली, निवडणुकीत वाटलेल्या छत्र्या दिल्या. दान कमी, माळे रिकामे करणंच जास्त. मी हे तोंडावर सांगतो, त्यामुळे माझ्या टेबलाशी कोणी चहाला थांबत नाही. कारखान्यात टाइमकीपर होतो तेव्हाही थांबत नसत.

दोन नियम मीच घालून दिले. एकदा आलेली वस्तू परत मिळणार नाही, आणि भांड्यांवरची नावं घासून काढायची. दुसऱ्याचं नाव घातलेलं भांडं कोणी घरात नेत नाही. भांड्यांना पॉलिश करणारे हुसेनसाब रोज दुपारी आपलं चाक घेऊन समाजमंदिरात येतात आणि फुकट काम करतात.

बुधवारी मी अव्वाची ट्रंक दिली. पलंगाखालची, हिरवी. आत भांडी वाजत होती. किल्ली सापडत नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे शोधलीच नाही. तिच्या वस्तू दिसल्या की मला घरात बसवत नाही.

मी एका गृहस्थाशी त्यांच्या जळक्या पंख्यावरून हुज्जत घालत होतो. तेवढ्यात भांडी निवडणाऱ्या तानाबाईंनी कुलूप तोडून सगळं हुसेनसाबांकडे नेलं. मी गेलो तेव्हा सहा डबे चकचकीत होऊन ओळीने ठेवलेले होते.

"साहेब, तुमच्या ट्रंकेत एकच नाव आलं की सारखं," हुसेनसाब म्हणाले. "वैजयंती. दिवाळीनिमित्त, अव्वाकडून. कोण ह्या?"

"माझी मुलगी. अव्वा म्हणजे तिची आई."

त्यांनी चाक बंद केलं. "मग आदी सांगायचं न्हाय का? तुमी दिलेलं, म्हणून मी काय इचारलं न्हाय."

सहा डबे, सहा दिवाळ्या. तुझं नाव या घरात घ्यायचं नाही असं मी बजावलं होतं. तिने माझ्यासमोर कधी घेतलं नाही. दर दिवाळीला बाजारात जाऊन ते डब्यावर घालून आणत होती, आणि मी रोज त्याच पलंगावर झोपत होतो. तू मासे धरणाऱ्यांच्या घरात गेलीस, एवढ्याचसाठी हे सगळं. ऋतुराजचं दुसरं काही वाईट मला आजही सांगता येत नाही.

हुसेनसाबांच्या हातात सातवं भांडं होतं. लहानशी वाटी. तिच्यावर 'च्या बारशाला अज्जीकडून' एवढंच उरलं होतं. त्याच्या आधीचं घासून गेलं होतं.

"हितं काय नाव होतं?" मी विचारलं.

"चाकावर धरल्यावर कोण वाचतंय, साहेब. डब्यांवर एकच होतं म्हणून ध्यानात ऱ्हायलं." तानाबाईंना वाचता येत नाही.

वैजू, वर मी 'तुम्ही दोघं' लिहिलं ते खोटं आहे. तुम्ही तिघं आहात, हे मला जुलैपासून माहीत आहे. अव्वा गेली त्याच्या पाचव्या दिवशी तू फाटकाशी उभी होतीस, तेव्हा तुझ्या खांद्यावर बाळ होतं. मी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. आणखी एक. माती होईपर्यंत वैजूला कळवू नकोस, असं मायाक्काला मीच सांगितलं होतं. तुझ्या आत्याला दोष देऊ नकोस. शेवटचे दोन दिवस अव्वा तुला हाका मारत होती. मी ऐकू न आल्यासारखं करून औषधांच्या चिठ्ठ्या चाळत बसलो. याची क्षमा मी मागत नाही, मागायला मला तोंड नाही.

सातही भांडी मी परत घरी आणली. नियम मोडला म्हणून लोक बोलले, बोलू देत. डब्यांवर तुझं नाव पुन्हा घालून घेतो. वाटी मात्र तशीच समोर ठेवली आहे.

मायाक्काला विचारलं तर ती सांगेल, पण मला ते तुझ्याकडून कळायला हवं आहे. पत्र नको असेल तर लिहू नकोस. कार्डावर फक्त बाळाचं नाव लिही. मुलगा आहे की मुलगी, तेही मला ठाऊक नाही.

नातवंडाचं नाव न कळलेला,
तुझा अप्पा