गॅरेजची किल्ली आणि अकरा मोठे मग

मी, लोसे हाफोका, वय एकसष्ट, राहणार मांगेरे, ऑकलंड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने आज सकाळीच माझ्याशी भांडलेल्या माझ्या नणंदेला, फुनाकीला, विचारावं. याआधी काही लिहून ठेवलं असल्यास ते रद्द समजावं.

१. राहतं घर माझी मुलगी सिसिलिया हिला. नवव्या वर्षी तिची मूत्रपिंडं निकामी झाली, पाच वर्षं ती डायलिसिसवर होती, आणि आज बावीस वर्षांची होऊन मला उलट उत्तरं देते. देवाचे आभार. मात्र एक अट: मागचं गॅरेज शनिवारी दुपारी बंद राहता कामा नये. माझ्यामागे ते बंद पडेल एवढी एकच धास्ती मला आहे, आणि हा सगळा कागद त्यासाठीच आहे.

२. अट का, तेही लिहिते. डायलिसिसवर असताना सिसिलियाला दिवसाला फक्त अर्धा लिटर पाणी चालायचं, त्यात सूपही धरायचं. मी आणि माझे दिवंगत पती विलियामी तिच्यासमोर घोटही घेत नसू. न्हाणीघरात चोरासारखे प्यायचो. एकदा दोघं एकाच वेळी तिथे शिरलो आणि हसता हसता फरशीवरच बसलो. पुढच्या शनिवारी विलियामीने गॅरेजमधली गाडी बाहेर काढली, इस्पितळात भेटणाऱ्या तीन मुलांच्या आईबापांना बोलावलं, मुलांना घरात पत्ते खेळायला बसवलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि बादलीभर ओताई केली: कलिंगड, नारळाचं दूध, भरपूर बर्फ. एक बाप तीन मग प्याला आणि रडायला लागला. मग काय, आम्ही सगळेच रडलो आणि बादली संपवली.

३. गॅरेजचे नियम असे. नव्या आईला पहिल्या दिवशी सल्ला देऊ नये, एक मग काठोकाठ भरून द्यावा. मुलाचे रिपोर्ट विचारू नयेत, खोड्या विचाराव्यात. "माझ्यामुळे झालं का हो?" असं ती विचारतेच. तेव्हा सगळ्यांनी "नाही" म्हणावं, आणि मोठ्याने म्हणावं.

४. किटली आणि अकरा मोठे मग गॅरेजचेच राहतील. मोठं पातेलं गॅरेजमध्ये येणाऱ्या ओफाला, कारण तिचा सहा वर्षांचा पेनी सध्या डायलिसिसवर आहे आणि पातेल्याला सवय आहे. सिसिलियाच्या एकविसाव्या वाढदिवसाला मी याच पातेल्यात अळूचे कंद डायलिसिसच्या पथ्याप्रमाणे दोनदा उकळले, दोन्ही वेळा पाणी फेकलं आणि मीठ घातलंच नाही. पोरीला नवं मूत्रपिंड बसून सात वर्षं झाली होती, पण हाताला कोण सांगणार? गॅरेजची मंडळी मिटक्या मारत होती, बाकीचे दोनशे पाहुणे एकमेकांकडे बघत होते. फुनाकी भर मांडवात ओरडली, "अगं लोसे, कंद शिजवलेस की धुणं उकळलंस?"
मी म्हटलं, "वन्सं, तिसरा कंद खाताय तुम्ही!"

५. आता फुनाकीविषयी. आमच्या बेटांकडच्या रीतीत आत्याचा मान सगळ्यात मोठा. भाचीच्या कार्यात उत्तमातली चटई आणि केकचा सगळ्यात वरचा थर तिचा, आणि फुनाकीने आजवर कधी नको म्हटलेलं नाही. पोर आजारी पडली त्या आठवड्यात तिने सगळ्या वॉर्डासमोर मला विचारलं, "पोरीला काय खाऊ घातलंस गं?" पाच वर्षं मी तिच्याशी धड बोलले नाही. आम्हा नवराबायकोला मधुमेह, म्हणून डॉक्टरांनी आमची मूत्रपिंडं नाकारली. तेव्हा ही पर्स घेऊन आली आणि म्हणाली, "नेहमी मीच नेते ना? आता माझं एक घ्या." त्यावरच माझी मुलगी आज जगते आहे. फुनाकीवर माझा जीव आहे. माफ केलं का? नाही.

६. गॅरेजची किल्ली फुनाकीला. मी "प्या" म्हटलं की नवे आईबाप "नको, आत्ताच झालं" म्हणतात. फुनाकीने दटावलं की काय झालं ते कळायच्या आत मग रिकामा होतो. तिच्यामागे किल्ली सिसिलियाला. मात्र मुलाला काय खाऊ घातलं, हे कोणालाही विचारायचं नाही.

सहीपूर्वीची नोंद: फुनाकी साक्षीदार व्हायला पेन काढून बसली होती. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही.
"मला मिळतंय? काय, चटया?" असं म्हणत तिने कागद ओढून घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. मग उठून किटली ठेवली, मोठा मग काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला.
"तुझ्यामुळे नव्हतं गं झालं," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या.

सबब कलम पाचमधला शेवटचा शब्द मी खोडला आहे. शेजारी माझी व साक्षीदारांची आद्याक्षरं आहेत. त्यावरचा गोल डाग मगाचा आहे.

सही: लोसे हाफोका
आम्हां दोघांसमक्ष सही केली: कलोलाइने वेआ, परिचारिका, माटाइआसी लोलोहेआ, शेजारी
मांगेरे, ऑकलंड. १८ ऑक्टोबर २०२४