ह्यांच्या मापाची सीट

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. दाढ काढलीत का? दाताखाली लवंग धरून बसता आणि डॉक्टरांचं नाव काढलं की दुखायची थांबते, असं धाकट्या जाऊबाई फोनवर सांगत होत्या. (सांगितलेलं ऐकायचं वळण तुम्हा दोघा भावांना नव्हतंच.) मी बरी आहे. रडणं कमी झालंय, हात मात्र ग्रीसने सदा काळे असतात.

तर बातमी अशी की तुमच्या दादांची जुनी स्टेशन वॅगन मी विकली नाही. ते गेल्यावर तुम्ही सगळ्यांनी विकायचं ठरवलंत, मीही मान हलवली, पण नुसती हलवली. आमच्या झोपायच्या खोलीत त्यांनी आणून ठेवलेलं ते दांडगं इंजिन आठवतं ना? (वर विणलेला रुमाल घालून पाहुण्यांना टेबल म्हणून सांगायचो.) ते वॅगनमध्ये बसवायचं, टप कापून खाली आणायचा आणि त्या म्हातारीची सुसाट पळणारी शर्यतीची गाडी, त्यांच्या भाषेत हॉट रॉड, करायची, हे त्यांचं दरवेळी 'पुढच्या वर्षी' असायचं. म्हटलं, आता आलं पुढचं वर्ष.

त्यांचे मित्र, गॅरेजवाले (हे त्यांना 'सर्जन' म्हणायचे), आधी मला खुर्ची देऊन, पाणी पाजून समजावत बसले. मग माझ्यापुढे हात टेकून कामाला लागले. इंजिन मावेना म्हणून बॉनेट कापलं. आता ते चौकशा करणाऱ्या शेजारणीसारखं बाहेर डोकावतं. टप कापताना मी पाठ फिरवून उभी राहिले. शेवटी सर्जननी विचारलं, "वहिनी, चालवणार कोण?" मी म्हटलं, मी. "मग मापं सांगा, त्याप्रमाणे सीट पक्की करतो." मी घडाघडा सांगितली: उंची सहा फूट, पाय एवढा, कंबर एवढी. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि टिपून घेतली.

परवा ऐटीत जाऊन बसले, तर पाय पेडलपर्यंत पोचेनात. भाऊजी, मी ह्यांची मापं दिली होती. मी तर ह्यांच्या खांद्यालाही लागत नव्हते. पण जन्मभर शिंप्याला तीच सांगत आले, तोंडात तीच बसलीत. सर्जननी ती केव्हाच ओळखली असणार, कारण ते हात धुवायला म्हणून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मीही पाय लोंबकळत ठेवून तशीच बसून राहिले. फार बरं वाटलं आणि फार वाईटही.

जाऊबाईंना आणि मुलांना आशीर्वाद. दाढेचं मनावर घ्या.

तुमची,
वहिनी

ता. क. सीट पुढे घ्यायला सर्जन पाना घेऊन तयार आहेत, मीच 'आज नको, उद्या' करते. तुम्ही उंचीने अगदी दादांएवढे. एकदा या, त्या सीटवर बसून मला एक चक्कर मारून आणा. मग घेऊ दे त्यांना पुढे.

आणखी एक. येताना चार कपडे जास्त आणा. मला गाडी चालवता येत नाही, हे सर्जनना अजून सांगितलेलं नाही. तुम्हालाच शिकवावं लागेल.

आणि शेवटचं. शिकवताना शेजारी बसून "हळू चालवा" म्हणायचं नाही. ते मी तुमच्या दादांना जन्मभर म्हटलं, त्यांनी एकदाही ऐकलं नाही. मीही ऐकणार नाही.