माळ्यावरची लेकुरवाळी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्याशी भांडायचा संकोच वाटत नाही. म्हणून विचारते, त्या घुबडाला तू घरात का राहू दिलंस? इथे सांगलीत चिमणीने खोलीत घरटं केलं म्हणून माझी नात कुणाला पंखा लावू देत नाही. सगळे तिचं कौतुक करतात. मला मात्र मेढ्याजवळच्या आपल्या घराचा माळा आठवला.

सुगी नुकतीच झाली होती. दादा पलटणीबरोबर ब्रह्मदेशात लढाईवर. माळ्यावर धान्याच्या कणगीमागे, कोंबड्यांच्या मोडक्या डालग्यात अंड्यांवर बसलेली ती मादी तूच मला शिडीवर चढवून दाखवलीस. पांढरं सपाट तोंड, काळे डोळे आपल्यावर रोखलेले. पिल्लं निघाली तीही एकदम नव्हेत, उतरंडीसारखी लहानमोठी. रोज दिवेलागणीला ती वर फुसफुसू लागत आणि खाली आत्याच्या हातातला घास तसाच राही.

"आवं वैनी, ही अवदसा कशाला ठिवलीया घरात? आपलं प्वार लढाईवर हाय न्हवं?"

"लेकुरवाळी हाय ती. तिला म्या भाईर काढली, तर परमुलखात माज्या लेकाला कोन दार उघडंल?"

आत्या चुलीकडे वळली. पण भीती तुलाही होतीच. घुबडाने नाव ऐकलं की ते घोकत बसतं आणि तो माणूस झिजत जातो, हे ऐकतच तू मोठी झालेली. म्हणून दादाचं नाव घरात घ्यायला बंदी. आबा, आत्या, मी, सगळेच नुसतं 'तो' म्हणायचो. तू वेण्णा नदीवर धुणं धुवायला गेलीस की पाण्याकडे तोंड करून त्याला एकदा नावाने हाक मारायचीस, आणि पिळे उचलून घरी यायचीस. मला तुझा राग यायचा. एवढं भ्यायचंच होतं, तर पिल्लं उचलून देवळाच्या माळ्यावर ठेवली असतीस तर काय बिघडलं असतं?

मग दादाच्या पलटणीतला एक शिपाई रजेवर आला. ऐन दिवेलागणीला दारात उभं राहून, कवायतीच्या खड्या आवाजात त्याने दादाचं पूर्ण नाव घेतलं. "त्येचं घर ह्येच न्हवं का? लय खुशाल हाय गडी!" तू धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवलास. परक्या पुरुषाच्या तोंडावर! तो हसला. त्याला वाटलं, माय आनंदाने खुळावली. माळ्यावरची फुसफुस मात्र थांबली होती. आत्याने वर बघितलं, मग तुझ्याकडे. तू त्याला गूळपाणी दिलंस.

तार आली तेव्हा पिल्लांना अजून उडता येत नव्हतं. आबांनी ती मास्तरांकडून वाचून घेतली आणि ओटीवर खालीच बसले. दादा गेला होता. आत्या रडत रडत काठी घेऊन शिडी चढू लागली. तू तिचा पदर धरून तिला खाली ओढलंस. "पोरं हायत तिची," एवढंच म्हणालीस. त्या घटकेला मी आत्याच्या बाजूची होते. तिने ती सगळी ठेचावीत असं मला वाटत होतं.

दिवेलागणीला पिल्लं पुन्हा फुसफुसू लागली. घरात दिवा लावलेला नव्हता. तू उठलीस, शिडीपाशी गेलीस आणि वर तोंड करून, घरात, मोठ्याने दादाला नावाने हाक मारलीस. मग पुन्हा.

"घे बाई आता. घे त्येचं नाव. मी मेल्यावर बी कुनी घ्याया पायजे."

हे लिहून झालं की मी घडी करून कपाटात ठेवणार आहे. पाठवायचं तरी कुठे? एकच सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून मी कान लावून ऐकत होते. त्या मादीने ते नाव घ्यावं असं मलाही वाटत होतं, आई. तिने ते घेतलं नाही.