बुधाची वाकडी शेपटी

सर, तुम्ही गेलात त्याला आता पंचवीसच्या वर वर्षं झाली आणि तुमच्याशी एकदा कडकडून भांडायचं राहिलं याची चुटपुट मला अजून लागते. आज ऑफिसात बसून हे लिहायला घेतलंय ते त्यासाठीच. माझा स्वभाव संशयी आहे हे इथे सगळ्यांना पाठ आहे. कोळणीने पापलेट ताजं आहे म्हटलं की मी कल्ला उघडून बघते. लिफ्ट दुरुस्त झाली अशी पाटी लागली की त्या दिवशी मुद्दाम जिना चढते. हे घरून आलेलं नाही. आई-बाबा दोघंही इतके भोळे की समोरच्याने सांगितलं की झालं. संशय घ्यायला मी तुमच्याकडून शिकले, गिरगावातल्या शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेत.

दहावीचं वर्ष. जर्नलवर तुमची सही नसेल तर प्रॅक्टिकलचे मार्क नाहीत, म्हणून आमच्या चाळीत एक जुनं जर्नल घरोघर फिरायचं. वरच्या मजल्यावरच्या ताईचं. त्यातली रीडिंगं थोडी इकडची तिकडे करून उतरवायची, सगळेच उतरवायचे, त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. त्या दिवशी मात्र मला काय सुचलं कोण जाणे, खिडकीजवळच्या टेबलावर कागद पसरला, मधोमध पट्टीचुंबक ठेवला आणि होकायंत्राची सुई टिंबाटिंबाने पुढे सरकवत मी बलरेषा खऱ्याखुऱ्या काढल्या. दोन तास गेले. आकृती पुस्तकातल्यासारखी आलीच नाही. एका बाजूच्या रेषा कुणीतरी ओढून धरल्यासारख्या लाकडी पार्टिशनकडे लांबल्या होत्या. तुम्ही कागद उचलता, चष्मा कपाळावर चढवता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारता, "काय गं, या रेषा चुंबकाने काढल्या की तू?" मुली फिदीफिदी हसतात. मी म्हणते, "शप्पथ सर, सुई जिथे थांबली तिथेच टिंब दिलंय." तुम्ही म्हणता, "शपथा देवळात घ्यायच्या. पुन्हा कर."

पुन्हा कसलं करतेय. संध्याकाळी ताईचं जर्नल मागून आणलं आणि खिडकीच्या काचेवर कागद धरून आकृती छापली. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती बघितलीत, लाल पेनाने 'छान' लिहिलंत, सही केलीत. वर खिशातून होकायंत्राची छोटी पितळी डबी काढून माझ्या हातावर ठेवलीत. "ठेव तुला," एवढंच म्हणालात. खऱ्याला हशा आणि खोट्याला बक्षीस, हे मला तेव्हाही पचलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी मी मार्कशीटसाठी शाळेच्या ऑफिसात रांगेत उभी होते. चाळा म्हणून डबी उघडली तर सुई उत्तर सोडून भलतीकडेच वळली. बघते तर तिथे एक अवाढव्य लोखंडी कपाट, पाठ पार्टिशनला लावलेली, आणि पार्टिशनच्या पलीकडे प्रयोगशाळेतलं ते खिडकीजवळचं टेबल. माझ्या रेषा त्या कपाटाने ओढल्या होत्या. मग आणखी एक आठवलं. तुम्ही स्वतः चुंबकाचा प्रयोग दाखवायचात तो नेहमी दाराकडच्या टेबलावर. खिडकीजवळ कधीच नाही. म्हणजे तुम्हाला कपाटाचं ठाऊक होतं? मग मला तिथे का बसू दिलंत? आणि ती डबी कशाबद्दल होती, आकृतीबद्दल की तुमचंच मन खात होतं म्हणून? मी पेढे घेऊन फणसवाडीत तुमच्या घरी आले ते हेच विचारायला. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून गवार मोडत होतात. पुढे काय घेणार, विचारलंत. सायन्स म्हटल्यावर "बरं झालं" म्हणालात आणि पुन्हा गवार मोडायला लागलात. समोर काकू होत्या, मला धीर झाला नाही. पुढे चारेक वर्षांत तुम्ही गेलात.

सर, आता मी ग्रहांच्या चुंबकत्वावरच काम करते. सूर्यातून विद्युतभारित कणांचा वारा सतत सुटलेला असतो. ग्रहाभोवती चुंबकीय क्षेत्र असेल तर हा सौरवारा ते समोरून दाबतो आणि मागच्या बाजूला ओढून त्याची लांबलचक शेपटी करतो. कफ परेडला मच्छीमार नगरात बोटींवर निशाणं फडकत असतात, वारा वळला की ती वळतात, तशी ही शेपटीसुद्धा सौरवाऱ्याबरोबर वळते. बुध तर सूर्याच्या अगदी जवळ, त्याचं चुंबकत्व दुबळं, त्यामुळे त्याची शेपटी मिनिटामिनिटाला रूप बदलते. आमच्याकडे आहेत ती मोजमापं बुधाभोवती फिरलेल्या एकट्या यानाची. ते शेपटीत शिरलं की बाहेर त्या वेळी वारा कसा आहे हे बघायला दुसरं कुणी नाही. म्हणून शेपटी वाकडी दिसली की मला आधी संशय येतो तो मोजणाऱ्याचा.

माझ्या हाताखाली एक मुलगी पीएचडी करते. लालबागची, आजोबा गिरणीत होते, फोनवर आईशी मालवणीत बोलते. सोमवारी तिने यानाच्या एका फेरीची आकृती आणली. शेपटी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त एका बाजूला कललेली. हे खरं असेल तर तीन वर्षांच्या कामात तिचा स्वतःचा म्हणावा असा तोच एक शोध. मी आकृती बघितली आणि म्हणाले, "हे यानाने मोजलंय की तू?" ती म्हणाली, "मॅडम, दोनदा चेक केलंय. आई शप्पथ." मी म्हणाले, "शपथ नको. पुन्हा कर."

मंगळवारी ती दुसरी आकृती घेऊन आली. शेपटी सरळ, पुस्तकात असते तशी, बोट ठेवायला जागा नाही. बुधवारी आमच्या दोघींच्या नावाने लेख पाठवायचा होता. मी छान म्हणाले. ती हसली नाही.

बुधवारी सकाळी लेख पाठवायला बसले आणि हात चालेना. दोन्ही आकृत्यांचे आकडे शेजारी शेजारी लावले. कल दाखवणारी तेवढी मोजमापं दुसरीतून गायब होती. यान शेपटीत शिरायच्या आधीचा आणि बाहेर आल्यानंतरचा वारा, जेवढा मोजता आला होता तेवढा, काढून बघितला. दोन्ही वेळा तिरपाच होता. पहिली आकृती खरी असण्याचा संभव पुष्कळ होता. तिला बोलावून विचारलं, "यातली मोजमापं कुठे गेली?"

"काढली, मॅडम. तुम्हाला पटत नव्हतं ना. म्हटलं आपलंच कायतरी गंडलं असणार."

"पहिली परत लाव. शंका असेल तर शंका लिहायची, मोजमाप गाळायचं नाही. लेख उशिरा गेला तरी चालेल."

तिचा चेहरा उजळला. दारापर्यंत गेली आणि वळली. "मॅडम, एक विचारू? मग काल छान का म्हणालात?"

"घाईत होते गं, नीट बघितलंच नाही."

"ओके मॅडम," म्हणाली आणि गेली. तिने विश्वास ठेवला, माझ्यासारखी संशयी नाही ती.

सर, तुमच्याशी भांडायला बसले होते, पण आता ते भांडण करवत नाही. हे पत्र टाकायचं नाहीच आहे, तेव्हा खरं लिहिते. मंगळवारी मी नीट बघितलं होतं. तिने मोजमापं गाळलीत हे पहिल्या मिनिटाला कळलं होतं, आणि आता लेखावर कुणी काही विचारणार नाही म्हणून मला बरं वाटलं होतं. ती काचेपलीकडच्या टेबलावर बसली आहे, आणि मी हे तुम्हाला लिहितेय.