लाल गोलांची वही

नागपूर, २६ नोव्हेंबर १९६२, संध्याकाळ

चीनच्या इतिहासावर प्रबंध लिहिणारा इथे मी एकटाच, म्हणून आज पोलिसांनी चौकीवर बोलावलं. युद्धामुळे चिनी माणसांची धरपकड चाललीय. सीताबर्डीचे दातांचे चिनी डॉक्टरकाका, ज्यांनी मला चार वर्षं चिनी शिकवलं, तेही बाकावर बसलेले.

इन्स्पेक्टरनं काकांच्या दवाखान्यात सापडलेली एक वही पुढे केली. "सर, वाचा बरं. हे लाल गोल काहून केले? खुणा आहेत का काही?"

वही माझीच होती. अक्षर चांगलं आलं की काका त्याभोवती लाल गोल काढत.

"धडे आहेत," मी म्हणालो.

"कोणाचे?"

माझी नोकरी, माझा प्रबंध... मी नुसतं वहीचं पान उलटलं.

"मेरे हैं," काका म्हणाले.

इन्स्पेक्टर हसला. "या वयात बाराखडी गिरवून राहिला का गा, डॉक्टर?"

मग मी वाचून दाखवलं. हे माझं घर. ही माझी आई. लाल गोल म्हणजे शाबासकी, एवढंही सांगवलं नाही. उद्या जाऊन सांगू? नाही सांगणार मी, ठाऊक आहे मला.

मी वाचत होतो तेव्हा काका बाकावरून हळूच मान हलवत होते. उच्चार बरोबर आला की नेहमी हलवत, तशीच.