शांततेत गेलेला पाय

दयानंददादास, धाकट्या माउलीचा रामराम.

गावात लढाईला गेलेल्यांच्या नावांचा दगड बसतोय. कोरायचं काम माझ्याकडं आलं. एके काळी मुरुडला भांड्यांवर नावं टाकत बसणाऱ्या तुझ्या भावाकडं! यादीत पासष्ट, एकाहत्तर, कारगिल होतं. श्रीलंका नव्हती.

सरपंचांना विचारलं, तर म्हणाले, "माउलीशेठ, ती लढाई कुठं? शांतिसेना होती ती."

म्हणलं, "निजामावर फौज आली, तिला आपण अजून पोलीस ॲक्शनच म्हणतो. म्हणून काय ती लढाई नव्हती?"

सगळे हसले. तुझं नाव काही घालीनात.

खरं सांगू? त्या हसण्यानं माझेच कान जळाले. जाफन्यात पाय गमावून तू आलास, तेव्हा पारावर मीच म्हणलो होतो, "शांततेत पाय कसा गेला रं दादा?" असाच हशा पिकला होता. तू नांदेडला गेलास, तो परत आला न्हाईस.

उद्या दगड उघडणार. कुणाला न विचारता तुझं नाव कोरलंय, पुढं 'श्रीलंकेची लढाई, १९८७'. उद्या भांडण होणार, होऊ दे. कोरलेलं पुसता येत न्हाई. पारावर बोललेलंही.

हे पत्र टपालात टाकायची छाती होईना. कुणाकडून कळलं, तर दगड वाचायला तरी ये.

तुझाच, तोंडाळ
माउली