खिशातल्या कांद्याचा रिपोर्ट

३ एप्रिल १९७८
आजपासून रोज लिहिणार. स्टॅटिस्टिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये गेल्या वर्षी नापास झालो, कारण सरांना माझे अक्षर झेपले नाही. यंदा सरांनी सांगितले, प्रयोग तुम्हीच आखा, करा आणि रिपोर्ट लिहा. दोघादोघांत. माझ्या जोडीला पुष्पलता आली आहे. मुलगी हुशार आहे. माझ्या हाताखाली तयार होईल.
विषय मला जेवताना सुचला. उन्हात खिशात कांदा ठेवला की लू लागत नाही, असे अख्खे नागपूर मानते. मी मानत नाही. खोटे पाडून दाखवणार.
बाबा हातमागावरून न उठता म्हणाले, "जागेश्वर, यंदा पास नाही झाला तं इथंच येऊन बस. एक माग रिकामाच आहे." याला उत्तर रिपोर्ट देईल.

५ एप्रिल
प्रयोग असा. वर्गातली दहा मुले भर दुपारी आमच्या महाल भागातून शहराबाहेरच्या हुडकेश्वरला सायकलने जाणार आणि परत येणार. निम्म्यांच्या खिशात कांदा, निम्म्यांच्या नाही. आल्यावर थर्मामीटर लावायचा. कांदा कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, ही कल्पना पुष्पलताची. मी त्यात सुधारणा सुचवणार होतो. वेळ मिळाला नाही.

७ एप्रिल
चिठ्ठ्या काढल्या. माझ्या चिठ्ठीवर "कांदा" निघाले. ज्याने कांद्याविरुद्ध बंड पुकारले त्यानेच कांदा घेऊन फिरायचे? वर्गातल्या कवडूला "कांदा नाही" आले होते. त्याच्याशी चिठ्ठी बदलली.
पुष्पलता म्हणाली, "असं नाही चालत गा. मग चिठ्ठ्या टाकल्याच काहून?"
मी म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने वही मिटली. पटले असावे.

१० एप्रिल
उद्या प्रयोग. आईला कुणकुण लागली. "बिना कांद्यानं जाऊन राहिला? डोक्सं फिरलं का तुयं?" मी शांतपणे तिला नल हायपोथिसिस, म्हणजे कांद्याने काही फरक पडत नाही हे गृहीतक, समजावून सांगितले. तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, "तो नल कोनाचा कोन? त्याच्या मायनं त्याले कांदा देल्लाच असन."
घरात अज्ञान फार आहे.
ठरवले, उद्या उपाशीपोटी जायचे. संशोधकाचे शरीर हलके हवे.

१२ एप्रिल
काल लिहिणे झाले नाही. कारण किरकोळ. हुडकेश्वरच्या अलीकडे मी सर्वांच्या पुढे होतो. एका कडुनिंबाखाली विचार करायला थांबलो. विचार करता करता डोळा लागला. कवडू म्हणतो, मी सायकलसकट आडवा झालो आणि त्याला "सर, सर" म्हणत होतो. कवडूच्या साक्षीला काय किंमत? त्याने स्वतःचा कांदा वाटेत भाकरीबरोबर खाल्ला. "भूक लागली होती गा," म्हणे!
बैलबंडीत घालून घरी आणले. ताप एकशे तीन. बाकी सगळे ठणठणीत. हा निव्वळ योगायोग.

१४ एप्रिल
आनंदाचा दिवस! पन्हे पाजता पाजता आई रडायला लागली. "म्या तुया खिशात कांदा टाकला होता रे, रुमालात बांधून. तरी बी लू कशी लागली?"
खिसा जड लागत होता खरा. मला वाटले, जबाबदारी असेल.
म्हणजे कांदा जवळ होता आणि तरी मी पडलो! कांदा हरला! खाटेवर उठून उभा राहिलो. मग लगेच बसलो.

१५ एप्रिल
पुष्पलता आकडे घ्यायला घरी आली. तिला सांगितले, मला कांदेवाल्यांत टाक आणि कवडूला बिनकांद्यावाल्यांत.
"कवडूनं खाल्ला म्हणजे कांदा त्याच्याजवळच होता नं?" ती म्हणाली.
याचा विचार मी केला नव्हता. तिनेही उगाच केला.
मग म्हणते, जे झाले ते सगळे लिहून टाकू. चिठ्ठी बदलली, उपाशी गेला, आईने कांदा टाकला. मी म्हणालो, हा विज्ञानाचा रिपोर्ट आहे, घरच्या भानगडींचा नाही. शेवटी दोघांनी वेगवेगळे रिपोर्ट लिहायचे ठरले. माझ्याशिवाय तिचे कसे होणार, देव जाणे.

२२ एप्रिल
रिपोर्ट दिला. शेवटचे वाक्य: "यावरून कांदा निरुपयोगी असल्याचे निर्विवाद सिद्ध होते." "निर्विवाद"खाली दोन रेघा.

२६ एप्रिल
व्हायवा. सरांनी विचारले, "उपाशी माणूस उन्हात पडला, तर दोष कांद्याचा की उपासाचा?"
मी म्हणालो, कांद्यात दम असता तर तो उपासालाही पुरून उरला असता.
सर पाणी प्यायले. म्हणाले, "पुष्पलतानं प्रयोग कसा बिघडला ते प्रामाणिकपणे लिहिलं आहे. ती पास."
मी जाहीर केले, तत्त्वासाठी मी एक वर्ष सोडायला तयार आहे.
"वर्ष कशाला सोडतोस? मे महिन्यात एकट्यानं पुन्हा कर. रोज चिठ्ठी काढ, निघेल ती पाळ. आणि जेवून जात जा. मग नवा रिपोर्ट आण, पाहू."
मी तोंडावर सांगितले, सर, ही माझी मानहानी आहे. हे मी कदापि करणार नाही.
घरी आलो तर बाबा रिकामा माग पुसत होते.

८ मे
पुष्पलता सावनेरला मामाकडे गेली. कवडू म्हणतो, त्याची सायकल पंक्चर आहे. बोलताना तो तिच्यावरच बसला होता.
चिठ्ठी काढली. निघाली ती पाळली.
पोटभर जेवलो. आईचा जुना दुपट्टा डोक्याला, कानाला, तोंडाला गुंडाळून निघतो आहे. ऊन माझे काही वाकडे करू शकत नाही. दुपट्टा एवढ्याचसाठी, की महालात कोणी ओळखू नये.